पाचवं ताट

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढं हसावं की काय करावं, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही. हॉटेलात गेल्यावर "किती ताटं लावू?" असं कुणी विचारलं की मी गप्प बसतो आणि बायको उत्तर देते. तुम्ही सगळे मला त्यावरून चिडवता. बाळूचं घरात काही चालत नाही म्हणता. तसं ते चालत नाहीच, पण या गप्प बसण्यामागं कारण वेगळं आहे. माझ्या एका ताटापायी एका गावातली माणसं समुद्रात उतरली होती. गावाचं नाव सांगत नाही. तिथं मला अजून ओळखतील.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी कारेगावला खोली करून राहायचो, कंपनीत नवीन लागलो होतो, लग्न व्हायचं होतं. आमचं घर न्हावऱ्याचं. माझी थोरली बहीण, अक्का, वडगाव रासाईला दिलेली, अगदी भीमेच्या काठावर. दाजी शेतकरी माणूस. ऊस, थोडा कांदा, दोन म्हशी. पोरं दोन, सोनी आणि बंटी. सोनी दुसरीत होती आणि बंटी अजून शाळेतही जात नव्हता.

आदल्या वर्षी आमच्या कंपनीची ट्रिप कोकणात गेली होती. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला आणि परत येऊन थेट अक्काच्या चुलीपुढं बसलो. काय बढाया मारल्या म्हणून सांगू! लाट अशी येते, मासा असा तळतात, आपण नुसतं बसायचं आणि माणूस ताट आणून समोर ठेवतो. अक्का भाकऱ्या थापत ऐकत होती.

"मला आन् पोरांना कवा नेतूस?"

"पुढच्या वर्षी नेतो की."

"ने बाबा. समुद्र न्हाई दिसला तरी चालंल. मी बसलीया आन् दुसरं कुणी मला वाढतंय, येवढं बघायचंय मला."

पुढच्या वर्षी फाल्गुनात अक्का गेली. कावीळ झाली होती. आधी झाडपाला, मग दौंडचा दवाखाना, मग पुण्याचा. त्याबद्दल एवढंच सांगतो, जास्त बोलायला गेलो तर माझ्यानं पुढचं सांगणं होणार नाही.

दहाव्याला नदीवर सगळे जमलो. पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसून बघत होता, पण खाली येत नव्हता. मग काय सुरू होतं ते तुम्हाला माहीत आहे. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली म्हणायचं, आणि एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. आमची आई म्हणाली, पोरांना कमी पडू देणार नाही. कावळा जागेवर. दाजींनी हात जोडले, म्हणाले, दुसरं लगीन करणार न्हाई. कावळा जागेवर. भावकीतल्या एकानं तर बांधाचं भांडण मिटवतो म्हणून कबूल केलं. त्यावर कावळ्यानं तोंडच फिरवलं. त्यालाही भावकीचा अनुभव असणार.

ऊन चढलं. लोक सावलीला सरकायला लागले. मला एकदम ती चूल आठवली आणि मी पुढं झालो. म्हटलं, "अक्का, पोरांना समुद्र दाखवतो. तिथं हॉटेलात बसवून जेवू घालतो. आन् तुझं ताट सगळ्यांच्या आधी मांडतो."

वाक्य संपायच्या आत कावळा खाली.

सगळा काठ माझ्याकडं बघायला लागला. एक म्हातारे आप्पा शेजारी उभे होते, ते म्हणाले, "बाळू, आता तुजी सुटका न्हाई बाबा."

पावसाळा गेला, दिवाळी आली. भाऊबीजेला ओवाळायला अक्का नाही. घरात बसून भिंतीकडं बघण्यापेक्षा म्हटलं, शब्द दिलाय तो आता पुरा करावा. दुसरी गरज बंटीची होती. ते पोरगं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचं. आई देवाघरी गेली म्हणून सांगितलं, तर परत कवा येणार म्हणून विचारायचं. जेवायला बसवलं की दोन घास खाऊन उठायचं, आई आल्यावर खातो म्हणायचं. चार दिवस बाहेर नेलं, पाणी दाखवलं, चांगलंचुंगलं खाऊ घातलं, तर त्याचं मन वळेल, वाट बघणं सोडेल, असं आमच्या आईचं म्हणणं. त्या पोरानं पोटभर जेवावं, एवढंच खरं तर आम्हाला पाहिजे होतं.

तर मी, दाजी आणि दोन पोरं, असे चौघे यष्टीनं निघालो. शिरूर, पुणे आणि मग खाली कोकणात. घाटात बंटीला उलटी आली, ती त्यानं दाजींच्या टोपीत केली. दाजींनी टोपी खिडकीतून बाहेर झटकली आणि ती मांडीवर घेऊन बसले. एक शब्द नाही. दहाव्यानंतर ते कशालाच काही बोलत नव्हते. म्हशीला सुद्धा हाक मारत नव्हते.

समुद्रावर पोचलो आणि पोरं पाण्याकडं पळाली. दाजी पायजमा गुडघ्यापर्यंत धरून लांब उभे. सोनी थोड्या वेळानं माझ्याकडं आली. हुशार पोरगी ती, तेव्हापासूनच.

"मामा, सगळ्या नद्या समुद्राला मिळत्यात ना? बाईंनी सांगितलंय."

"मिळत्यात की."

"आपली भीमा बी?"

"यील की. न यीऊन कुठं जाईल?"

ती पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग आईची राख सोडली हुती नदीत. ती हितं आली आसंल."

आता मला सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं? सात वर्षांची पोर, आईविना, पहिल्यांदा समुद्र बघतेय. मी म्हटलं, "आली आसंल की बाळा. हितंच आसंल." तिचं तोंड असं उजळलं, की मला वाटलं आपण फार शहाणपणाचं बोललो. मामा असावा तर असा. ती पळत बंटीकडं गेली आणि त्याच्या कानाला लागून काहीतरी सांगायला लागली. मी कौतुकानं बघत होतो. आग लावून वर कौतुकानं बघत बसणारा माणूस तुम्ही बघितला नसेल, तर आज बघून घ्या.

दुपारी जेवायला एका खानावळीत शिरलो. एका काकूंच्या घराच्या पडवीतच टेबलं टाकलेली होती. सुट्टीचे दिवस, आत टेबल मिळायची मारामारी, दाराशी माणसं ताटकळत उभी. काका आत तळणावर आणि काकू बाहेर वाढायला. काकूंच्या आवाजाला धार होती, पण हात सढळ. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं.

"बोला, किती ताटं?"

"पाच," मी म्हटलं.

काकूंनी आम्हाला मोजलं. "तुम्ही चौघं. त्यात दोन पिल्लं. पाच कशाला?"

झालं. इथं माझी जीभ अडकली. खरं तर एक वाक्य बोलायचं होतं. पण दाजी समोर बसलेले, पोरं दोन्ही बाजूंना, आणि 'वारली' हा शब्द त्यांच्यापुढं मी त्या दिवसापर्यंत एकदाही उच्चारला नव्हता. मी म्हटलं, "एक माणूस यायचंय."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

पाच ताटं आली. पहिलं मी रिकाम्या खुर्चीपुढं मांडून घेतलं. सुरमईची तुकडी, बांगडा, तांदळाची भाकरी, भात, वाटीत सोलकढी, आणि टेबलाच्या मधे बांगड्याच्या रश्श्याचं भांडं. बंटी म्हणाला, "मामा, ह्ये दूध गुलाबी का हाय?" मी म्हटलं, "थांब, हात लावायचा न्हाई आजून." घरी आपली पद्धत कशी, गेलेल्या माणसाचं ताट वाढलं की हात जोडायचे, थोडा वेळ थांबायचं, मग ते ताट उचलून कौलावर ठेवायचं आणि आपण जेवायला बसायचं. आम्ही हात जोडले. थांबलो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की पुढचा विचार आपण केलेलाच नाही. कौलं होती काकूंच्या घरालाही, पण भर गर्दीत सुरमईचं ताट घेऊन वर चढणार कोण? मी हळूच भाकरीला हात घातला, तर दाजींनी नुसतं बघितलं. मी हात मागं घेतला.

बसलो. ताटातली वाफ संपली. दाराशी उभी असलेली माणसं आमच्या टेबलाकडं रागानं बघायला लागली. समोर भरली ताटं आणि चौघं हात मांडीवर ठेवून बसलेले. काकू आल्या.

"काय हो, जेवण पसंत नाही का?"

"तसं न्हाई काकू. थांबलोय जरा."

"त्या माणसासाठी? कोण यायचंय?"

"पोरांची आई," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण खरंही कुठं होतं?

"मग कुठं राहिल्या बाई? गार झालं की सगळं."

मी काही बोलायच्या आत बंटी म्हणाला, "आई समुद्रात हाय."

काकूंचा हात तिथंच थांबला. "समुद्रात? एकटी? अरे, आत्ता भरती लागलीय!"

"राहू द्या काकू, त्याचं काय ऐकता," मी म्हणायला गेलो. पण सोनी अगदी शांतपणे म्हणाली, "व्हय काकू. हितंच हाय ती. मामानं सांगितलंय."

काकू माझ्याकडं वळल्या. काय ती नजर! बायको भरतीच्या पाण्यात सोडून बांगड्यापुढं येऊन बसलेले दोन बाप्ये. त्यांनी आत हाक मारली आणि काका झारा हातात घेऊनच बाहेर आले. शेजारचे टेबलवाले उठले. कुणीतरी ओरडलं, बाई बुडाली. पडवी निम्मी रिकामी झाली. बाहेर होडीवाले बसले होते, त्यांतल्या दोघांनी होडी ढकलली. बघता बघता किनारा माणसांनी भरून गेला.

तुम्ही म्हणाल, बाळू, तुला तोंड नव्हतं का? होतं. मी उठलोही. पण त्याच वेळी बंटीकडं बघितलं. ते पोरगं खुर्चीवर उभं राहून बाहेर बघत होतं आणि हसत होतं. फाल्गुनापासून पहिल्यांदा. एवढी सगळी माणसं आपल्या आईला आणायला निघाली, ती रिकाम्या हातानं थोडीच येणार? त्या हसण्यापुढं माझं तोंड उघडेना. आणि खरं सांगू का? एकदा मीसुद्धा दाराकडं बघितलं. वेड्यासारखं. वाटलं, न जाणो.

मग बायका यायला लागल्या. होय, आणायला लागले लोक! पाण्यात एकटी दिसेल ती बाई, धरून आणायची आणि आमच्या टेबलापुढं उभी करायची. पहिली आली ती नगरकडची होती. मागून तिचा नवरा पळत आला. "अहो, ही माझी आहे," म्हणत होता बिचारा. दुसऱ्या आल्या त्या चांगल्या साठीच्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, नुसतं "चला, पोरं थांबलीत" म्हणून आणलेलं. त्या घाबरून मलाच म्हणाल्या, "कुणाची पोरं?" आणि बंटी प्रत्येकीला खालून वर नीट बघायचा, अगदी पडताळून, आणि मान हलवायचा.

"न्हाई. ही न्हाई."

नगरकडचा तो नवरा जाताना मला म्हणाला, "तुम्हाला लाज वाटली पाहिजे." वाटत होती. पुरेपूर वाटत होती.

मग हवालदार आले. सुट्टीच्या गर्दीसाठी किनाऱ्यावर नेमलेले होते. दारातूनच त्यांनी मला हाताला धरलं. पोलिसानं विचारलं की आपल्या गावाकडच्या माणसाचं काय होतं, ठाऊक आहे ना? उत्तर आपोआप येतं.

"बाईचं वय?"

"तीस."

"उंची?"

"ह्यांच्या खांद्याला लागंल," मी दाजींकडं बोट केलं.

"रंगानं?"

"सावळी. कपाळावर गोंदलेलं हाय."

म्हणजे बघा, मी अक्काचं वर्णन करत सुटलो होतो. आता दोन मिनिटांत सापडेल अशा थाटात. बोलताना ती मला समोर दिसत होती, आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

"अंगावर साडी कुठली?"

इथं मी अडलो. काय सांगणार?

"हिरवी," दाजी म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. मी त्यांचा आवाज विसरलोच होतो. दाजी कुणाकडंच बघत नव्हते. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होते.

"हिरवीगार साडी. नवी कोरी, घडी मोडलेली. हातात हिरवा चुडा. मळवट भरल्याला. नाकात नथ, माझ्या आईची." मग जरा थांबून म्हणाले, "लई चांगली दिसत हुती. लग्नात बी येवढी दिसली नव्हती."

हवालदार म्हणाले, "मळवट? सहलीला आलेल्या बाईनं?"

पण काकूंनी हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं होतं. पलीकडच्या टेबलावरच्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला शेवटचं कसं सजवतात, ते आपल्याकडं कुठल्या बाईला सांगावं लागत नाही.

"साहेब, पुढं विचारू नका," काकू म्हणाल्या. "माणसं माघारी बोलवा. त्या बाई इथं नाहीत."

दाजी टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. आवाज न करता. अक्का गेली तेव्हा रडले नव्हते, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. त्या अनोळखी गावात, थंड झालेल्या बांगड्याशेजारी ते रडले. सोनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी तसाच उभा.

हवालदारांनी मला बाहेर नेऊन जे सुनावलं, ते सांगत नाही. होडीवाले चिंब भिजून परत आले. त्यांतला एक म्हातारा होता. काकूंनी त्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी मान खाली घालून उभा, आता मार पडणार म्हणून. त्यानं लुंगी पिळली आणि विचारलं, "पोरं जेवली काय?" मार बरा होता.

मी आत आलो. काकू टेबलाशी थांबल्या होत्या.

"कधी गेल्या?"

"फाल्गुनात."

"आणि हे मला आधी सांगता येत नव्हतं?"

"पोरांम्होरं कसं बोलायचं, काकू?"

"पोरांपुढं बोलायला नको म्हणून अख्खा समुद्र ढवळायला लावलात." मग त्या ताटाकडं बघत म्हणाल्या, "आमच्यात नवमीला गेलेल्या सवाष्णीच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. तुमच्यात?"

"आमच्यात बी."

"मग खुर्ची ओढा मागं."

आणि काकू बसल्या. दाराशी गर्दी उभी, आतून काका हाका मारतायत, आणि काकू पदरानं हात पुसून त्या पाचव्या ताटावर बसल्या. म्हणाल्या, "खानावळ काढल्यापासून ह्या वेळेला मी कधी टेकलेले नाही." थंड अन्न होतं. काका गरम आणतो म्हणाले, तर नको म्हणाल्या. त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा दाजी उठले. डोळे पुसले, मधलं भांडं घेतलं आणि काकूंच्या ताटात एक बांगडा वाढला. त्यांना वाढायची सवय कुठली, रस्सा टेबलभर झाला. "घ्या, आजून घ्या," म्हणत राहिले. काकूंनी एकालाही नाही म्हटलं नाही.

मग आम्ही जेवलो. बंटीनं काकूंकडं बघितलं, दाराकडं बघितलं, परत काकूंकडं बघितलं. आणि जेवायला लागला. असा जेवला म्हणता! भाकरी, भात, मासा, ते गुलाबी दूधसुद्धा. मला हायसं वाटलं.

परतीच्या यष्टीत तो माझ्या मांडीवर होता. झोपला असं वाटलं, तर म्हणाला, "मामा, येवढी माणसं बोलवायला गेली, तरी ती आली न्हाई?"

"न्हाई आली, बाळा."

त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

आणि त्या दिवसापासून बंटीनं आईचं नाव काढलं नाही. ओट्यावर बसणं बंद. कवा येणार हे विचारणं बंद. पोटभर जेवायला लागला. वडगावात माझा केवढा बोलबाला झाला! पोरगं सावरलं, आईला विसरलं, बाळूनं काम केलं. आमच्या आईनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मीही छाती काढून फिरायचो. समुद्राचा प्रकार आम्ही चौघांनी घरी सांगितलाच नव्हता. दरवर्षी अक्काच्या श्राद्धाला ताट वाढायची वेळ झाली की बंटी गोठ्यात जाऊन बसायचा. आम्ही म्हणायचो, लहान आहे, खेळतंय.

आता खरा घोटाळा ऐका. आत्तापर्यंत ऐकलात तो काहीच नाही.

बंटी पाचवीत गेला, सोनी आठवीत. अक्काचंच श्राद्ध होतं, मी लग्न झालेला, बायकोला घेऊन वडगावला गेलो होतो. आत स्वयंपाक चाललेला. सोनी ओट्यावर नकाशाचं पुस्तक उघडून बसली होती. तिनं मला हाक मारली.

"मामा, ही बघ आपली भीमा." तिनं बोट ठेवलं. "हितनं दौंड. म्होरं आशीच खाली खाली कर्नाटकात. तितं ती कृष्णेला मिळती. आन् कृष्णा कुठं जाती बघ."

तिचं बोट सरकत सरकत पार पलीकडच्या कडेला गेलं. पूर्वेला.

"आन् आपण गेलो त्यो समुद्र ह्यो." बोट उडी मारून अलीकडच्या कडेला आलं.

मी नकाशाकडं बघत राहिलो. भूगोलात मी कायम काठावर पास. भीमा दौंडच्या पुलाखालून जाते, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्या पुढं ती कुठं जाते, हे विचारायची वेळ आयुष्यात आली नव्हती. मी म्हटलं, "आगं, समुद्र म्हंजी समुद्र. मला वाटलं, एकच आसतोय."

"दौंडकडं जाती म्हंजी ती तवाच उलटी चालली की, मामा. एवढं कळंना तुला?" सोनी हसली. मीही हसलो.

बंटी गोठ्यातून कधी आला, ते कळलं नाही. हाताला वैरण चिकटलेली, तसाच वाकून नकाशा बघत होता. "परत दाव," म्हणाला. सोनीनं परत दाखवलं. त्यानं स्वतःचं बोट ठेवून वडगावपासून नदी धरली आणि सावकाश पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत नेली. मग कोकणावर बोट ठेवलं.

"आन् आपण हितं ताट मांडून बसलो हुतो?"

सोनी हसायची थांबली.

"म्हंजी ती आली न्हाई, आसं न्हाई," बंटी म्हणाला. "ती तिकडं हुती. आपण हिकडं वाट बघत बसलो. ती कशी यील?"

एवढी वर्षं ते पोरगं आईवर रुसून बसलं होतं. किनाराभर माणसं हाका मारत होती, ताट मांडलेलं होतं, आणि ती आली नाही, म्हणून. आणि आम्ही सगळी मोठी माणसं आनंदानं म्हणत होतो, विसरलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं रडेल. तो रडला नाही, चिडला. "मामा, तुला साधी एक नदी कळत न्हाई?"

"माझंच चुकलं रे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? राखेला काय आणि पाण्याला काय, असं काहीतरी सोनी समजावायला गेली, पण मी तिला डोळ्यानं गप्प केलं. चूक माझीच राहू दे. एवढी कामाची चूक माझ्या हातून परत व्हायची नाही.

बंटीनं रांजणाशी जाऊन हात धुतले. आत गेला. अक्काचं ताट वाढून ठेवलं होतं, त्याच्यापुढं पाटावर बसला आणि हात जोडले. आमची आई पदर डोळ्याला लावून दारात उभी राहिली. किती वेळ बसला होता, मी बघितलं नाही. मला बघवेना.

आईवरचा त्याचा राग त्या दिवशी संपला. माझ्यावरचा अजून चालू आहे. आता तो चांगला मिशा फुटलेला गडी झालाय, स्वतःची जीप आहे, मला मामा मामा म्हणून जीव लावतो. पण कुठं निघालो आणि मी सवयीनं पुढचं दार उघडलं, की म्हणतो, "मामा, तू मागं बस. रस्ता मी बघतो."

मी गुमान मागं बसतो.